माझ्या पोटातला ताईचा आवाज

मित्रांनो, मी एक जुना व्हीसीआर आहे. हे ऐकून तुमच्यातले निम्मे जण 'म्हणजे काय?' असं विचारणार, याची मला आता सवय झाली आहे. टीव्हीवर लागलेला सिनेमा कॅसेटवर उतरवून घ्यायचा आणि कुणी म्हणेल तेव्हा परत दाखवायचा, हे माझं काम. माझ्या पोटात एक चकचकीत गोल डोकं गरगर फिरतं, त्याला घासून कॅसेटची फीत पळते, आणि चित्र न् आवाज दोन्ही त्या फितीत राहतात. कारखान्यातून निघालो तेव्हा माझी बटणं रुपेरी होती. आता त्यातल्या तीन बटणांचा रंग उडाला आहे आणि एक तर काडीनं दाबावं लागतं.

मला घरी आणलं ते दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका कारागिरानं. मी त्यांना मालक म्हणतो. त्यांच्या ताई त्यांना अजून 'छोट्या' म्हणतात, आणि आज छोट्याचं वय सहासष्ट आहे. मालकांचा हात फार हलका. कवळी टोचते असं कुणी म्हटलं, की ते केसाएवढं घासायचे, पुन्हा घालून बघायचे, पुन्हा केसाएवढं घासायचे. माझ्याशीही ते तसेच वागले. माझ्यावर धूळ बसू नये म्हणून त्यांच्या बायकोनं एक विणलेलं झाकण केलं होतं. त्या दिवसांत माझा थाट काय सांगू! शेजारपाजारची मंडळी चपला दारात सोडून माझ्यासमोर मांडी घालून बसत.

एका रविवारी दुपारी टीव्हीवर एक जुना सिनेमा लागला. मालकांनी कोरी कॅसेट घातली आणि मला सांगितलं, "चुकू नकोस हं." मी चुकलो नाही. त्या सिनेमातल्या नायिकेचा चेहरा एका नटीचा होता, पण आवाज तिचा नव्हता. तो होता मालकांच्या ताईंचा. सिनेमा झाला तेव्हा ताई एकोणीस वर्षांच्या होत्या. नटीचे उच्चार नीट नव्हते म्हणून संपूर्ण सिनेमाभर ताई बोलल्या. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर त्यांचं नाव आलं नाही. वडिलांना हे काम पसंत नव्हतं, त्यामुळे घरातही कुणी त्याचं नाव काढलं नाही. पुढे ताई नोकरीसाठी दूरच्या गावी गेल्या आणि तिथेच एकट्या राहिल्या.

त्या रविवारी मालक पाहुण्यांना म्हणाले, "ही बोलतेय ना, ती माझी ताई." सगळे खो खो हसले. एक जण म्हणाला, "वा रे वा! नटी बघितली की लगेच ताई?" मालकही ओशाळून हसले. त्यानंतर ही गोष्ट त्यांनी कधीच कुणाला सांगितली नाही. मी ऐकत होतो. मला वाईट वाटलं, पण माझ्या आवाजाचं बटण दुसऱ्याच्या हातात असतं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. डिस्क आल्या आणि कॅसेटी गेल्या. विणलेलं झाकण एकदा धुवायला काढलं ते परत आलंच नाही. मी माळ्यावर गेलो. खाली एक फुटकी सुटकेस, शेजारी पंख्याचं एक पातं. तिथे मी किती वर्षं काढली ते मोजलं नाही. माळ्यावर कुणी बोलत नाही, हे सगळ्यात वाईट. मालकांच्या पत्नी वारल्या त्या दिवशी खाली खूप माणसं आली होती, एवढं कळलं. नंतर घर फारच शांत झालं. खाली ते एकटे आणि वर मी एकटा.

मग एके दिवशी माळ्याचं दार उघडलं. झालं असं, की तो सिनेमा नव्यानं बाजारात आला होता. चित्र धुऊन पुसून लख्ख केलेलं, पण मूळ आवाजाची फीत खराब झाली म्हणून सगळे संवाद नव्या माणसांकडून बोलवून घेतलेले. मालकांनी मोठ्या हौसेनं डिस्क लावली, आणि नायिकेच्या तोंडून भलतीच बाई बोलायला लागली. त्यांनी ताईंना फोन केला. ताई म्हणाल्या, "बरं झालं. तिचा आवाज चांगलाय म्हणतात." एवढंच. आता जगात ताईंचा तो आवाज एकाच ठिकाणी उरला होता. मी उतरवलेल्या त्या कॅसेटमध्ये.

मालकांनी मला टेबलावर घेतलं. माझे रबरी पट्टे वितळून गुळासारखे चिकट झाले होते, ते त्यांनी बदलले. माझं डोकं स्पिरिटनं पुसलं. कॅसेटला पांढरी बुरशी आली होती, ती त्यांनी वीत वीत करून साफ केली. गावातच वेगळ्या राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं कॉम्प्युटर जोडून दिला आणि जुन्या सिनेमांची घरी डागडुजी करणाऱ्या हौशी लोकांच्या एका गटात त्यांचं नाव घातलं. मी आवाज द्यायचो, कॉम्प्युटर तो घ्यायचा, आणि मालक त्यातली खरखर, टकटक एकेक करून काढायचे. कवळी घासावी तसंच. मुलगी आली की म्हणायची, "बाबा, जेवायला तरी उठा." ते म्हणायचे, "एवढा शब्द होऊ दे."

एक अडचण मात्र होती. कॅसेटवरचा सिनेमा डिस्कपेक्षा पाच मिनिटं आधी संपत होता. कापलेलं काहीच नव्हतं, सगळं जरासं घाईत होतं. कॉम्प्युटरमध्ये आवाज ताणायची सोय होती, आणि तिथे एक चौकोन होता: 'स्वराची उंची तीच ठेवा'. मालकांनी त्या चौकोनात खूण केली. म्हणाले, "ताईच्या आवाजाला मी हात लावायचा नाही." मित्रांनो, इतक्या प्रेमानं केलेली चूक मी दुसरी पाहिली नाही.

चार महिन्यांनी काम झालं. गटातल्या लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. मालकांनी नुकतीच धुतलेली शर्ट-पँट घातली, जणू ताई समोरच बसणार होत्या, आणि सकाळी दहाला फोन लावून तो स्पीकरजवळ धरला. ताईंनी तीन संवाद ऐकले.

"छोट्या," त्या म्हणाल्या, "हा माझा आवाज नाही रे."

"अगं, तुझाच आहे! मी स्वतः रेकॉर्ड केलाय."

"असेल. पण मी इतकी चिरकी नव्हते. आता जाऊ दे ना. ज्यांना ठेवायचं नव्हतं त्यांनी नाही ठेवलं. तू कशाला जीव काढतोस?"

फोन ठेवल्यावर मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "तूच म्हातारा झालास," असं म्हणून त्यांनी माझी वायर काढली आणि मला भंगारवाल्यासाठी चपलांच्या कपाटाजवळ नेऊन ठेवलं. आठ दिवस मी तिथे होतो. खरं सांगतो, फीत फिरवायची माझी चाल बरोबर होती. मला जे दिलं गेलं तेच मी सांभाळलं होतं. पण हे सांगणार कसं? येताजाता मालकांचे पाय दिसत. ते थांबत नसत.

नवव्या दिवशी त्यांनी गटातल्या एकाचा व्हीसीआर मागून आणला. त्यातही आवाज अगदी तसाच निघाला. मग मालक माझ्याजवळ खाली बसले, माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि तिथूनच ताईंना फोन लावला. या वेळी त्यांनी काही ऐकवलं नाही. त्यांनी विचारलं, "ताई, तूच सांग. कसा होता तुझा आवाज?"

ताई म्हणाल्या, "इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं." आणि बोलायला लागल्या. सिनेमात ती मुलगी पियानोची एक पट्टी दाबून गुणगुणते ना, ती पांढरी चार, म्हणजे चौथी पांढरी पट्टी. ती त्यांनीच मागून घेतली होती, कारण त्याच्या वर त्यांचा गळा ताणायचा. "लिहून घे," त्या म्हणाल्या. "पांढरी चार."

मालकांनी मुलीचा जुना कीबोर्ड काढला. कॅसेटमधला सूर पांढरी चारला जुळेना. तो वर सरकून शेजारच्या काळ्या पट्टीला, काळी तीनला, टेकला होता. गटात एक निवृत्त तंत्रज्ञ होते, पूर्वी टीव्हीवर सिनेमे चालवणारे. त्यांनी उलगडा केला: त्या काळी आपल्याकडे टीव्हीवर सिनेमा किंचित भरभर चालवत. म्हणून तो पाच मिनिटं आधी संपायचा आणि सगळ्यांचे आवाज थोडे बारीक व्हायचे. म्हणजे नुसतं ताणून भागणार नव्हतं. आवाजालाही खाली येऊ द्यायला हवं होतं.

मालकांनी मला पुन्हा टेबलावर घेतलं, सगळा आवाज पुन्हा घेतला आणि त्या चौकोनातली खूण काढून टाकली. ताईंचा आवाज खाली उतरला. भरदार, शांत, थोडासा हट्टी. मालक डोळे पुसत म्हणाले, "हीच. हीच मला गणितं शिकवायची."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. मालकांनी पियानोचा प्रसंग लावला. पट्टी वाजली, मुलगी गुणगुणली, दोन वाक्यं बोलली. मालकांनी फोन कानाला लावला.

"ताई? आहेस ना?"

"आहे." मग हळूच, "हो रे. ही मी."

"बंद करू का?" मालकांनी विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या. "सुरुवातीपासून लाव. आणि संपेपर्यंत फोन ठेवू नकोस."

सव्वादोन तास फोन चालू होता. दोघं एक शब्दही बोलले नाहीत. सिनेमातली मुलगी तेवढी बोलत होती.

मित्रांनो, आता ताईंचा आवाज कॉम्प्युटरमध्ये आहे आणि माझ्याकडे कुणाला फारसं काम नाही. मी टेबलाच्या कोपऱ्यात असतो. कुणी येत नाही, याची खंत वाटते. नाही कशाला म्हणू? पण तुमच्याकडे एक मागणं आहे. जुन्या वस्तू जपा, त्यांची धूळ पुसा, बिघडलं तर लगेच फेकू नका. आणि एखाद्याचा आवाज जपायचा असेल, तर तो माणूस असेपर्यंत त्याला फोन करा आणि विचारा, 'कसा होता तुझा आवाज?' पुढचं तो सांगेल. तुम्ही फक्त फोन ठेवू नका.