सोलरशेठची सावली

महिन्यातून एक दिवस असा येतो, की घरातली सगळी माणसं एकमेकांची वैरी होतात! तो दिवस म्हणजे विजेचं बिल येण्याचा. "पंखा चालू ठेवून कोण गेलं?" "मी नाही, तुम्हीच!" "आणि फ्रिजचं दार उघडून तासभर विचार कोण करत बसतं?" तुमच्या घरी असं होत नाही म्हणता? मग तुमचं बिल नक्कीच दुसरं कुणीतरी भरत असणार!

आपल्या गोष्टीतल्या चष्मेवाल्याच्या घरीही दर महिन्याला हेच महाभारत व्हायचं. शेवटी वैतागून त्याने एका उन्हाळ्यात छतावर सोलर पॅनल बसवून घेतले. बसवले तेही साधेसुधे नाहीत! उंच लोखंडी खांबांवर, लग्नाच्या मांडवासारखे.

"शेठ, एवढी उंची कशाला?" सोलरवाल्याने विचारलंही होतं. "खर्च वाढतो, वाराही लागतो."

"अरे, रस्त्यावरून दिसायला नकोत का? नाहीतर लोकांना कळणार कसं?"

लोकांना कळलं! कळलं म्हणजे काय, चष्मेवाल्याने कळवल्याशिवाय कुणाला सोडलंच नाही. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला आलेल्या माणसाला तो खालची बारीक ओळ वाचायला लावायचा आणि मध्येच सांगायचा, "आमच्याकडे बिल शून्य येतं बरं का, शून्य!" गल्लीने त्याचं नाव ठेवलं सोलरशेठ. नाव ठेवलं होतं चेष्टेने, पण त्याला ते इतकं आवडलं की तो चालायलाही शेठसारखा लागला.

त्याच्या दुमजली घराला लागूनच इस्त्रीकाकूंचं बैठं घर. समोरच्या खोलीत लांब टेबल, त्यावर दुमडलेलं जाड कांबळं आणि सकाळपासून तापलेली इस्त्री. शाळेचे गणवेश, ऑफिसचे शर्ट, जवळच्या लॉजच्या चादरी, सगळं काकू एकहाती उरकायच्या. दिवसभर उभं राहून त्यांचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं आणि काकूंनी त्यासाठी पैसे बाजूला टाकले होते.

त्या पैशांवर सोलरशेठची नजर गेली. म्हणजे ते पैसे त्याला नको होते. त्याला हवा होता गिझर! सोलर कंपनीची योजनाच तशी होती. एक गिऱ्हाईक आणा आणि गिझर फुकट न्या.

"काकू, तुमची इस्त्री वीज खाते आणि वीज तुम्हाला खाते," शेठ म्हणाला. "सोलर घ्या, सुटाल!"

"घेतलं असतं हो. पण ते पैसे गुडघ्याचे आहेत."

"गुडघा काय पळून जातोय?"

"त्याला पळता आलं असतं तर ऑपरेशन कशाला सांगितलं असतं?" काकू हसत म्हणाल्या.

"अहो, वर्षभरात बिलाचे इतके पैसे वाचतील, की एक सोडून दोन्ही गुडघे करून घ्या! माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

विश्वास होता. तिथेच तर घोटाळा झाला! काकूंनी गुडघ्याचे पैसे छतावर नेऊन मांडले. पॅनल लागले आणि शेठच्या घरी गिझर आला.

उन्हाळ्यात सगळं झकास चाललं. बिल घसरलं आणि काकूंचा चेहरा खुलला. मग दिवस लहान व्हायला लागले आणि बिल पुन्हा वर चढलं. आधी थोडं, मग बरंच. काकूंनी पॅनल पुसून घेतले, खोलीतला दिवा बंद करून दाराशी उजेडात काम सुरू केलं. इस्त्रीच्या धगीत उभ्या राहून पंखासुद्धा बंद ठेवला! तरी बिल काही उतरेना. शेवटी भिंतीचा आधार घेत घेत त्या शेठच्या दुकानात गेल्या. दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं होतं.

"शेठ, जरा बघता का? पॅनलचं काहीतरी चुकतंय."

"पॅनलचं?" शेठ मोठ्याने हसला. "काकू, ऊन काय माणूस बघून पडतं? माझ्याकडे शून्य आणि तुमच्याकडे एवढं? सोलर लावलं की लोकांना वाटतं, आता उधळा वीज! शिस्त लागते, शिस्त!"

दुकानातली माणसं हसली. काकूंनी पदराने कपाळ पुसलं. "माझंच काहीतरी चुकत असेल," असं म्हणून त्या निघाल्या. दुकानाची पायरी उतरताना त्यांना कडेवर लहान मूल असलेल्या एका बाईने हात दिला. शेठने दिला नाही. तो चष्म्याची काच पुसत होता.

पुढच्या आठवड्यात शेठची थोरली बहीण राहायला आली. ताई म्हणजे निवृत्त नर्स. इंजेक्शन हलक्या हाताने द्यायची, पण जीभ मात्र टोचायचीच! गरम पाण्याने अंघोळ करून ती खूश झाली.

"काय रे, गिझर नवा दिसतोय?"

"बक्षीस मिळालाय, ताई! शेजारच्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे सोडत नव्हत्या, त्यांना सोलर घ्यायला लावलं ना, म्हणून. चल, तुला छत दाखवतो."

छतावर पॅनलखाली शेठने दोन खुर्च्या टाकल्या होत्या. खांबांना दोरी बांधून टॉवेल वाळत घातले होते. शेठ ऐटीत सांगत सुटला, लोखंड कुठून आणलं, खांब किती मजबूत आहेत, चौकातूनसुद्धा कसं दिसतं. ताई मात्र कठड्यावरून खाली बघत होती.

"ते काकूंचे पॅनल ना? त्यांच्यावर काळे पट्टे कसले?"

"डाग असतील. काकू नीट पुसत नाहीत."

"डाग हलतात का रे?" ताईने दोरीवरचा टॉवेल खस्सकन ओढला. खाली काकूंच्या पॅनलवरून काळा तुकडा सरकला!

शेठ बघतच राहिला. ती सावली त्याची होती! त्याच्या खांबांची, त्याच्या मांडवाची, त्याच्या मिरवण्याची! उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा सावली पायाशी राहते. थंडीत सूर्य खाली कलतो आणि सावल्या लांब होतात. ही गोष्ट तर शाळेतली मुलंही पटांगणात काठी रोवून शिकतात. त्यातून पॅनल असतात ओळीने एकमेकांना जोडलेले. एकदोघांवर सावली पडली, की सगळी ओळच सुस्तावते.

"तुला माहीत होतं?" ताईने विचारलं.

"नाही गं! म्हणजे..." शेठचे शब्द अडकले. "काकूंकडे लावायला आला तेव्हा सोलरवाला म्हणाला होता. 'शेठ, हिवाळ्यात तुमची सावली इकडे येईल, काकूंना सांगू का?' मी म्हणालो, तू लाव रे, मी बघून घेतो."

"आणि काय बघितलंस?"

शेठ उगाचच दोरीवरचे टॉवेल सारखे करायला लागला.

"गिझर बघितलास! अरे, आपण रोज काकूंच्या गुडघ्यावर अंघोळ करतोय!"

हे वाक्य शेठला असं लागलं, की तो खुर्चीत बसला आणि लगेच उठला. त्या खुर्चीवरही सावलीच होती ना!

"ताई, मी काही मुद्दाम सावली पाडली नाही."

"सावली मुद्दाम नाही पाडलीस, पण गप्प मुद्दाम बसलास. वर भर दुकानात त्या बाईला शिस्त शिकवलीस, ते आताच वहिनीने सांगितलं मला."

"पण सोलरने पैसे वाचतात हे तर खरंय ना?"

"वाचतात की! कोण नाही म्हणतंय? पण छत कुणाचं, त्यावर ऊन किती तास, सावली कुठून येते, वीज दिवसा लागते की रात्री, हे बघायचं कुणी? मला सांग, तू डोळे तपासल्याशिवाय कुणाला चष्मा देतोस? 'मला यातून छान दिसतं, तुम्हीही हाच घाला,' असं म्हणतोस?"

"नाही."

"मग काकूंच्या डोळ्यांवर स्वतःचा चष्मा का चढवलास?"

 शेठला वाटलं, आता जावं आणि सांगून टाकावं. पण लाज फार विचित्र असते. ती माणसाला जागेवरून उठूच देत नाही! दुसऱ्या दिवसापासून शेठ थंड पाण्याने अंघोळ करायला लागला. काकूंच्या दारावरून जायला नको म्हणून मागच्या बोळातून दुकानात जायला लागला, तेही चुरगळलेला शर्ट घालून. दुकानात कुणी "शेठ" म्हणून हाक मारली, की त्याला दुसऱ्याच कुणाला तरी बोलावल्यासारखं वाटायचं. थंड पाण्याने काकूंचं बिल उतरणार होतं थोडंच? पण काहीतरी भोगल्याचं खोटं समाधान त्याला मिळत होतं.

एकदा बोळातून जाताना काकूंच्या मागच्या खिडकीतून त्यांचा आवाज आला. लॉजचा माणूस चादरी न्यायला आला होता.

"काकू, त्या शेठने फसवलं तुम्हाला," तो म्हणत होता.

"छे हो! भला माणूस आहे. मलाच ते सोलर वापरायची अक्कल नाही. आता पुढच्या महिन्यापासून काम कमी करणार आहे. पायच उभा राहू देत नाही."

शेठच्या कानांच्या पाळ्या तापल्या. शिव्या ऐकल्या असत्या तर बरं झालं असतं! तो बोळातून मागे फिरला, पुढच्या दाराशी आला आणि सरळ आत शिरला.

"काकू, तुमचं काहीही चुकलेलं नाही."

काकूंनी इस्त्री उभी केली. लॉजचा माणूस चादरी हातात घेऊन तसाच थांबला. दारात गणवेश घ्यायला आलेल्या दोन बायका होत्या. शेठला वाटलं, ही माणसं जाऊ देत, मग बोलू. पण त्याने अपमान चारचौघांत केला होता. माफी कोपऱ्यात मागून कशी चालेल?

"सावली माझ्या पॅनलची पडतेय. पडणार हे मला आधीच सांगितलं होतं. मी ते तुमच्यापासून लपवलं, कारण मला गिझर हवा होता." त्याला घाम फुटला. "आणि आमचंही बिल शून्य येत नाही. एकदाच आलं होतं तसं, जवळपास. फुकट आहे म्हणून दिवसभर एसी लावायला लागलो आणि तेही वाढलं. मी लाजेखातर कुणाला बोललो नाही."

 काकूंनी इस्त्रीचं बटण बंद केलं.

"म्हणजे एवढे दिवस मी पंखा बंद करून या धगीत उभी राहिले, ते तुमच्या सावलीपायी? आणि वर शिस्त मलाच शिकवलीत?"

शेठची मान छातीला टेकली.

"मान खाली घालून काय होणार, शेठ? आधी ते पॅनल खाली घ्या!"

घेतले! भर दिवसा, सगळ्या गल्लीच्या डोळ्यांदेखत खांब कापले गेले. "काय शेठ, सोलर मोडीत काढताय?" येणारा-जाणारा विचारायचा. "नाही, चूक केली होती, ती दुरुस्त करतोय," शेठ प्रत्येकाला सांगायचा आणि प्रत्येक वेळी नव्याने लाल व्हायचा. आता पॅनल कठड्यामागे बसले. चौकातून काय, गल्लीतूनही दिसेनात. सकाळी कठड्याची थोडी सावली त्याच्याच पॅनलवर यायला लागली. येऊ दे, म्हणाला.

गिझर विकला. त्यात स्वतःची भर घालून ते पैसे घेऊन तो आणि त्याची बायको काकूंकडे गेले. काकूंनी लगेच हात पुढे केला नाही.

"उपकार म्हणून देत असाल तर घेऊन जा. भरपाई म्हणून देत असाल तर टेबलावर ठेवा."

शेठने पैसे टेबलावर ठेवले.

काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या खाटेवर असताना गिऱ्हाइकं तुटू नयेत म्हणून शेठची बायको इस्त्रीला उभी राहिली आणि दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी स्वतः शेठ! त्याने पहिल्याच दिवशी एका शर्टाला भोक पाडलं. "अहो, चष्मेवाले, जळतंय ते!" काकू खाटेवरून ओरडल्या. संध्याकाळी त्याचे पाय इतके भरून आले, की दोन पायऱ्या चढताना त्याने भिंत धरली. तेव्हा त्याला कळलं, आपण कशावर हसलो होतो.

आता काकूंचं बिल पुन्हा उतरलंय. शून्य नाही, पण आधीपेक्षा चांगलंच कमी. त्या काठी न घेता उभ्या राहतात. शेठला माफ केलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत आणि त्यानेही विचारलं नाही. शर्ट द्यायला गेला की त्याची नजर अजूनही जमिनीकडे जाते. जाऊ दे! काही गोष्टींची लाज माणसाने जपून ठेवावी, ती पुढच्या चुकीच्या वेळी हात धरते.

म्हणून माझ्या नागरिक बंधुभगिनींनो, सोलर जरूर बसवा! ऊन चांगलं असेल, सावली नसेल आणि वापर बेताचा असेल, तर पैसे नक्की वाचतात. पण शेजाऱ्याची फुशारकी ऐकून घेऊ नका, आधी आपलं छत नीट तपासून घ्या. दुसऱ्याला सल्ला देणार असाल तर त्यात आपला काय फायदा आहे, हे आधी सांगा आणि आपलं खरं बिलही सांगा. दुसऱ्याचं ऊन अडवून केलेली बचत ही बचत नव्हे, ती चोरी आहे! आणि चुकून तुमची सावली कुणाच्या छतावर पडलीच, तर तोंड लपवून बोळातून जाऊ नका. पुढच्या दाराने जा, चारचौघांत सांगा आणि त्याच दिवशी खांब कापायला घ्या!