टेबलाचा चौथा पाय

पटाशी जेवायला आली ती खिशात दुकानाच्या किल्ल्या घेऊन, आणि त्या परत करूनच जायचं असं ठरवून. तिला सुतारकाम शिकवणारे दुकानाचे मालक, काका, जाऊन महिना झाला होता. काकूंनी तिला दुपारी घरी बोलावलं होतं, "चार घास खाऊ, चार आठवणी काढू" म्हणून. जेवण झालं की किल्ल्या काकूंच्या हातात ठेवायच्या आणि मागे वळून न बघता निघायचं, असा बेत होता.

कारणही तसंच घडलं होतं. चार दिवसांपूर्वी तिने दाताच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातली, दोन भिंतींच्या मधली फळी कापली आणि ती बरोब्बर एक इंच आखूड भरली. दुकानात जपून ठेवलेल्या सर्वांत चांगल्या लाकडाची फळी! चौदा वर्षं सुतारकाम करून हे दिवे लावले होते.

चूकही अशी, की त्या दुकानाबाहेर कुणाच्या बापाला जमली नसती. काकांच्या टेपचा पहिला इंच तुटलेला होता. कधी तुटला ते काका सांगत नसत आणि नवी टेपही घेत नसत. नव्याने येणाऱ्याला पहिला धडा हाच असे, "आकडा येईल त्यातून एक वजा. टेप लंगडी आहे, आपण नाही." काका गेल्यावर त्यांच्या मुलीने, म्हणजे ताईने, मोठ्या कौतुकाने पटाशीला नवीकोरी टेप आणून दिली. तिने दवाखान्यात माप घेतलं, बहात्तर आलं, आणि हाताने सवयीने लिहिलं एकाहत्तर. लाकूड कापून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. तेव्हापासून तिने एकच घोकलं होतं: काकांची खुर्ची आपल्याला झेपायची नाही.

खरं तर तिला या धंद्यात ओढलं काकांनीच. तेव्हा ती बेकरीत पाव विकायची. घरचं दार घासतं म्हणून तक्रार घेऊन आली आणि बिजागरी कशी चुकीची बसवली आहे यावर काकांशी अर्धा तास हुज्जत घातली. काकांनी शांतपणे लाकूड तासायची पटाशी तिच्या हातात दिली. "एवढं कळतंय तर तूच बसव की." तिने बसवली. दार आणखी घासायला लागलं. काका पोट धरून हसले आणि म्हणाले, "उद्या नऊला ये. उशीर करू नकोस." जिभेच्या धारेमुळे नावही पटाशीच पडलं. आज तिची आईसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारते.

काकांच्या हाताखाली शिकलेल्या तिघांनी त्याच रस्त्यावर आपापली दुकानं थाटली होती. दुसरा कुणी असता तर जळफळला असता. काका मात्र गिऱ्हाइकाला दारापर्यंत सोडायला जात आणि समोर बोट दाखवत, "खिडक्या ना? त्या समोरचा माझ्यापेक्षा बऱ्या करतो. माझं नाव सांगा, म्हणजे चहा पाजेल." काकू कपाळाला हात लावायच्या. "घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजायची हौस!" असं म्हणायच्या, आणि त्याच तिघांना रविवारी जेवायलाही बोलवायच्या.

आज मात्र घरचीच माणसं होती. काकू, ताई, जावई आणि सहा वर्षांचा नातू, ज्याला एक घास चावायला एक युग लागतं. पटाशी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळली तशा काकू म्हणाल्या, "तिथे नको. इथे बस, यांच्या जागेवर."

"नको हो काकू, ती काकांची..."

"मग काय, रिकामी ठेवून तिची पूजा करू? बस मुकाट्याने."

पटाशी बसली. ताईने भाजीचं पातेलं टेबलावर ठेवलं आणि टेबल धाडकन पटाशीच्या बाजूला कललं. पाण्याचे दोन पेले आडवे झाले. जावयांनी पातेलं वरच्यावर झेललं, नातवाने आनंदाने टाळ्या वाजवल्या.

"हे कधीपासून डुगडुगायला लागलं?" ताई चक्रावली. "आयुष्यभर जेवले मी यावर. कधी हललं नाही!"

पटाशी मात्र टेबलाखाली शिरलीसुद्धा. सुताराला असली गोष्ट दिसली की त्याला जेवण गोड लागत नाही. तीन पाय ठणठणीत जमिनीवर होते आणि चौथा, काकांच्या जागेजवळचा, अधांतरी. तिने खिशातली नवी टेप लावली. बरोब्बर एक इंच आखूड. वर आडव्या पट्टीची खालची कड एकाच जागी झिजून गुळगुळीत झाली होती. तिने तिथे बोट फिरवलं आणि तिला कळलं की तिथे गुडघा लागत असणार.

"काकू," ती खालूनच ओरडली, "हा पाय काकांनी लंगड्या टेपने मोजला?"

काकू इतक्या हसल्या की त्यांना पदराने डोळे पुसावे लागले. "लग्नानंतरचं पहिलं टेबल गं ते. तीन पाय कापले, मग टेप दारात सापडून तुटली. हे रागारागात तसेच कामाला बसले आणि चौथा त्याच तुटक्या टेपने कापला. कापायची खूण करताना उलट एक मिळवायला हवा, तो राहूनच गेला. दुसऱ्या दिवशी पाचर करून पायाखाली घातली, म्हणाले, रविवारी नवा पाय बसवतो."

"मग बसवला का नाही?"

"मीच बसवू दिला नाही." काकूंनी आवाज खाली आणला, जणू काका आत झोपले आहेत. "तेव्हा हा माणूस दोन घास पोटात ढकलून दुकानात पळायचा. घर म्हणजे नुसती धर्मशाळा! एकदा ताट वाढताना पाचर निसटली, तर यांनी गुडघ्याने टेबल उचलून धरलं. मग उठणार कसे? उठले की सगळ्यांची ताटं मांडीवर. त्या दिवशी पहिल्यांदा शेवटपर्यंत बसले. दुसऱ्या दिवसापासून जेवायच्या वेळी मी पाचर काढूनच ठेवायला लागले. ही जन्मली, शाळेत जायला लागली, सगळ्या गप्पा, सगळी भांडणं यांनी इथेच बसून ऐकली."

ताईचा घास हातातच राहिला. "बाबांना कळलं नाही?"

"न कळायला काय झालं? रोज विचारायचे, पाचर कुठे आहे गं? मी म्हणायचे, हरवली. ते म्हणायचे, बरं."

ताई रडायला लागली आणि रडता रडता हसायला लागली. पटाशी टेबलाखालून बाहेर आली. काकांची ती चूक आठवून तिलाही हसू फुटत होतं आणि काकांची फार आठवणही येत होती. चार दिवस जी चूक उराशी धरून ती रडत होती, तिच्यावर या घराने चाळीस वर्षं ताटं मांडली होती.

ती खुर्चीत बसली, गुडघा त्या गुळगुळीत जागी लावला आणि टेबल उचलून धरलं. टेबल सरळ झालं. जावयांनी पेले पुन्हा भरले.

"काकू, मी एक फळी आखूड कापली," ती म्हणाली.

"माहीत आहे. डॉक्टरबाईंचा फोन आला होता. मग आता?"

पटाशीने थोडा विचार केला. "दोन्ही टोकांना अर्ध्या अर्ध्या इंचाच्या गडद लाकडाच्या पट्ट्या बसवते. मुद्दामच केली आहे असं वाटेल."

"हे असते तर हेच म्हणाले असते. वर बाईंना म्हणाले असते की ही नवी तऱ्हा आहे." काकूंनी तिच्या ताटात भाजी वाढली.

पटाशीचं जेवण झालं. खिशातल्या किल्ल्या मांडीला टोचत होत्या. त्या काढायच्या तर उठायला हवं होतं, आणि नातवाचा अजून तिसराच घास चालला होता. तिने काकूंकडे पाहिलं. काकूंच्या मागे भिंतीतल्या कपाटाचा खण अर्धवट उघडा होता आणि त्यात, चाळीस वर्षं जुनी, हाताळून काळी पडलेली पाचर स्पष्ट दिसत होती.

"काकू," ती म्हणाली, "ती पाचर कुठे आहे हो?"

काकूंनी मागे न बघता कोपराने खण बंद केला.

"हरवली गं," त्या म्हणाल्या.

"बरं," पटाशी म्हणाली, आणि तिने आणखी थोडी भाजी मागितली.