उलट्या घड्याळाची लढत

“बाबा, शेवटच्या फेरीआधी तुमच्या सरांनी तुमच्या कानात काय सांगितलं होतं?”

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं आणि मागे सोफ्यावर बसलेल्या दोघींकडे विजयी नजर फेकली. चष्मी आणि लंबू, बॉक्सिंगच्या क्लबातल्या तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणी. पैज त्यांनीच लावली होती. जुन्या बॉक्सरला असलं गुपित विचारणं म्हणजे वाघाच्या मिशीला हात लावणं, असं लंबूचं मत. शनिवारी भिंगरीची पहिलीवहिली फायनल होती. गुपित कळलं की पदक खिशात, असं चष्मीचं.

प्रश्नाला कारण होतं. बाबांच्या त्या गाजलेल्या लढतीची फिल्म घरात इतक्यांदा लागली होती की भिंगरीला ठोसा न् ठोसा पाठ होता. पण फेऱ्यांमधली विश्रांती फिल्ममध्ये नव्हतीच. रीळ महाग, म्हणून घंटा वाजली की कॅमेरावाला कॅमेरा बंद करायचा. चौथी फेरी संपताना बाबा झोकांड्या खात कोपऱ्याकडे जात, आणि पुढच्याच क्षणी पाचवीला उठून समोरच्याला आडवं करत. मधल्या त्या मिनिटात काहीतरी जादू झाली होती, हे नक्की.

बाबांनी चहाचा कप दोन्ही हातांनी धरून खाली ठेवला. तरी बशीत सांडलाच.

“सांगतो.” लढत म्हटली की त्यांचा अडखळता आवाजही सरळ चालू लागे. “चौथीत त्याने मला दोरांवर दाबलं. मी झोकांडलो. घंटा झाली.”

“मग?”

“मग घंटा झाली. मी उठलो. तो आत घुसला, आणि मी हा डावा...” त्यांचा डावा हात हवेत निघाला. “एकच! संपलं.”

“काका, मधलं सांगा ना,” चष्मी पुढे सरकली. “कोपऱ्यातलं.”

बाबांनी कपाळ चोळलं. बंद टीव्हीकडे बघितलं.

“फिल्म लाव गं,” ते म्हणाले. “त्यात असेल.”

चष्मीने लंबूला कोपर मारलं. भिंगरीने फिल्म लावली. काळ्यापांढऱ्या रिंगणात कोवळे, देखणे बाबा नाचू लागले. आवाज नव्हताच, मार बसत होता तो जणू कापसाचा.

“अगं, थांब थांब!” लंबू एकदम खिदळली. “ते मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघ! काटा उलटा फिरतोय!”

खरंच फिरत होता. माणसं पुढे चालली होती, काटा मात्र उलट्या बाजूने.

“आरशातल्यासारखं झालंय,” चष्मी म्हणाली. “स्टुडिओवाल्याने रीळ पालथं घालून व्हिडिओवर उतरवलं असणार. म्हणजे काका डावखुरे नव्हतेच! आणि ही येडी त्यांच्यासारखी म्हणून दोन वर्षं उलटी उभी राहतेय. सर ओरडून ओरडून थकले, तू उजवी आहेस म्हणून!”

तिघी पोट धरून हसल्या. भिंगरी सगळ्यांत मोठ्याने. हसता हसता तिने बाबांकडे पाहिलं. पडद्यावर पाचवी फेरी आली होती आणि बाबांची डावी मूठ पडद्याबरोबर हलत होती. उजवा हात मांडीवर पडलेला. त्याचं मधल्या बोटाचं हाड खोल बसलेलं. त्याच शेवटच्या ठोशाने बसलेलं. लहानपणी झोपताना त्या खळग्यात अंगठा ठेवायची तिला सवय होती.

तिचं हसू मध्येच थांबलं.

मैत्रिणी गेल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आई कणीक मळत होती.

“तुला माहीत होतं?”

आईचे हात थांबले नाहीत. “स्टुडिओतून फिल्म आणली त्याच दिवशी कळलं. म्हटलं, बदलून आणते. पण ते आधीच लावून बसले होते. मला म्हणाले, हां, असं झालं होतं होय!”

“म्हणजे त्यांना...”

“लढतीच्या रात्री बसमधून घरी येत होतो. गळ्यात पदक होतं, डोक्यात चौथ्या फेरीचा मार. आणि मला म्हणतात, ड्रायव्हरला सांग जरा पळव, लढतीला उशीर होईल.” आईने परातीच्या कडेचं पीठ बोटाने गोळा केलं. “तेव्हापासून ती लढत मी त्यांना सांगायचे. मग फिल्म आली. फिल्म माझ्यापेक्षा बरी सांगते. राहू दे बाळा. त्यांच्याकडे तेवढंच आहे.”

बाहेरून हाक आली. “भिंगरे, परत लाव गं! आणि शनिवारी डावाच मार हं, माझ्यासारखा!”

दाराच्या खुंटीवर तिचे लाल ग्लोव्हज लटकत होते. तिने त्यांच्यावरून हात फिरवला, नाड्यांची गाठ घट्ट केली आणि आईला दंडाला धरून बाहेर आणलं. बाबांशेजारी बसवलं. मग दोघांच्या समोर उभी राहिली, निकालाच्या दिवशी मार्क सांगताना राहायची तशी, मान ताठ करून.

“आई, बाबा, ऐका. शनिवारी मी उतरणार नाहीये. नंतरही नाही. शनिवारी आपण तिघं इथेच बसायचं, आणि बाबा, तुम्ही मला ही लढत सांगायची. पहिल्या घंटेपासून.”