डाव्या बाजूची संशयित

मी गाठ बोलतेय. घाबरू नका, तुमच्यापेक्षा मीच जास्त घाबरलेय.

बस चालवणाऱ्या एका बाईंच्या पोटात, डाव्या मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली आहे. तिला ॲड्रिनल म्हणतात. उजवीकडेही तशीच एक होती. डावीच्या अंगावर मी हळूहळू वाढले, सुपारीएवढी झाले आणि थांबले. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. हार्मोन बनवणं मला कधी जमलंच नाही. आळशी म्हणा हवं तर.

पण बाईंचं ब्लडप्रेशर तीन-तीन गोळ्यांना दाद देईना. पायांतलं बळ जाऊ लागलं. एकदा थांब्यावर बस उभी केली आणि त्या नुसत्याच बसून राहिल्या. मागे माणसं भरलेली आणि पाय उचलेना. त्यांच्या काळजाची धडधड मला इथं ऐकू येत होती.

रक्त तपासलं तेव्हा कळलं, अंगात मीठ धरून ठेवणारं एक हार्मोन कुठली तरी ॲड्रिनल भरमसाट बनवतेय. मग सीटी स्कॅन झाला आणि फोटोत दिसले ती मी, चांगली ठसठशीत.

"चोर सापडला," सर्जन म्हणाले. "पुढच्या आठवड्यात डावी ग्रंथी काढून टाकू."

मी गारठले. ओरडून सांगावं तर गाठीला तोंड कुठलं? माझ्याबरोबर चांगली ग्रंथी गेली असती आणि दुखणं उजवीकडे सुखानं नांदलं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि बाईंना एखाद्या दिवशी बस चालवतानाच झटका आला असता.

फोटो वाचणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र अडून बसल्या. "यात आकार दिसतो, हार्मोन दिसत नाही," त्या म्हणाल्या. "मोठी गाठ दिसली की आपली नजर तिथंच थांबते. उजवी बाजू तपासल्याशिवाय मी हो म्हणणार नाही."

सर्जन कुरकुरले. आता आणखी किती तपासण्या, म्हणून बाईंची मुलगी रडकुंडीला आली.

"बघू दे गं त्यांना," बाई म्हणाल्या. "एकदा कापलं की परत जोडता येत नाही."

मग वेगळा स्कॅन ठरला. हार्मोन बनतं तिथंच जाऊन चिकटणारं आणि फोटोत चकाकणारं एक औषध टोचलं. यंत्राच्या बोगद्यात बाई डोळे गच्च मिटून पडल्या होत्या. औषध माझ्या दारावरून गेलं तेव्हा मी जीव मुठीत धरून बसले होते. मी अंधारीच राहिले. उजवीकडे मात्र मुगाच्या दाण्याएवढं काहीतरी लखलखलं.

उजव्या ग्रंथीसकट ते काढलं. बाई परत बस चालवतात. गोळी एकच उरलीय.

भीती मात्र गेलेली नाही, त्यांचीही आणि माझीही. दर वर्षी माझा फोटो निघतो. त्याआधी बाई डाव्या कुशीवर हात ठेवतात आणि हळूच विचारतात, "नीट आहेस ना गं?"

आहे, बाई. तुमच्याजवळ आता ही एकच ॲड्रिनल उरलीय, आणि त्या दिवशी हीच कापायला निघाले होते. वाढू नकोस म्हणून मला रोज सांगत जा. मी ऐकतेय.