मोहाखालची काडी

बायनाबाईने मोहाखाली काडी लावली तेव्हा आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे तिच्या गावीही नव्हतं. मोहफुलं वेचायची तर खालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायचीच. मूल तालुक्यातल्या गावांत हे कोणी कोणाला शिकवत नाही. फरक एवढाच, की यंदा मोहापलीकडच्या उतारावर तिनेच राखलेलं मारवेल गवत दाट वाढलं होतं.

मुरमाच्या त्या उघड्या उतारावर पूर्वी कुत्रंही बसत नसे. वनसमितीच्या बायांनी नाल्याकाठून मारवेलचे ठोंब आणून तिथे लावले आणि राखणीला बसवलं बायनाबाईला. तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की गुरंच काय, गुराखीही वाट बदलायचे. तीन पावसाळ्यांत गवत कमरेला लागलं. चैत्रात वनखात्याचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. गवत जगलेलं दिसलं तर उतार बायांकडे राहणार, नाहीतर चराईला मोकळा.

आणि वारा फिरला. दुपारपर्यंत सगळा उतार काळा ठिक्कर पडला.

बायनाबाई पोटभर रडली. मग तिने स्वतःला शिव्या घातल्या, मोहालाही सोडलं नाही. पण लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. पत्रू गार्ड "जयभीम, बाई" म्हणत सायकलवरून उतरतो न उतरतो, तोच तिने सांगून टाकलं.

"मीच जाळलं, भाऊ. मोहाखालचा पाला जाळाले गेली न् सारं खाक केलं. मले काढून टाका, पन उतार बायांचाच ठेवा."

पत्रूने डोकं खाजवलं. "ते माह्या हातात नाई, बाई. पंधरा दिवसांनी साहेब येऊन राह्यले. मंग पाहू."

ते पंधरा दिवस ती उताराकडे फिरकली नाही. कोणत्या तोंडाने जाणार? पाहणीच्या दिवशी मात्र उजाडताच काठी घेऊन निघाली. जे व्हायचं ते समोर होऊ दे.

उतारावर चितळांचा कळप होता. सवयीने तिची काठी वर गेली, शिवी ओठांवर आली. पण राखेत तोंड घालून ही खातात तरी काय?

ती वाकली. जळक्या ठोंबातून बोटभर हिरवे कोंब वर आले होते. या ठोंबात, त्या ठोंबात, खाली नाल्यापर्यंत. तिने एक ठोंब धरून जोर लावून ओढला. तो तसूभरही हलला नाही. बायनाबाई राखेतच बसली. इतकं हलकं तिला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

मागून पत्रू आणि साहेब आले. साहेबांनी आधी कोंब पाहिले, मग चितळं. या मुरमावर त्यांनी आजवर चितळाची लेंडीही पाहिली नव्हती.

"पत्रू, हा उतार बायांकडेच राहील," ते मोठ्याने म्हणाले.

कळपाने माना वर केल्या. बायनाबाईने झटकन काठी पदराआड लपवली आणि ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला न, साहेब," ती कुजबुजली. "जेवून राह्यले ते."