अंगणवाडीच्या ताईंची लेक

"घरीच असते म्हण. अंगणवाडीचं काई काढू नको, हलक्यात घेतील," शाळेच्या फाटकाबाहेर मोटारसायकल लावता लावता महारुद्रनं बायकोला पुन्हा सांगितलं.

शिवकन्यानं मान हलवली, पण तिचा जीव गावात, पिंगळीच्या तिच्या अंगणवाडीत अडकला होता. खिचडी शिजली असेल का? मदतनीस पार्वतीबाईंना एकट्यांना पोरं आवरतील का? आणि ताई कुठं गेल्या असं कुणी विचारलंच, तर त्या काय सांगतील? स्वतःच्या लेकीला इंग्रजी नर्सरीत घालायला गेल्या, असं?

कित्येक वर्षं तिनं गावात दारोदार फिरून सांगितलं होतं, लेकरं अंगणवाडीत पाठवा. बायका ऐकायच्या. हल्ली मात्र ज्याला जमेल तो परभणीची शाळा धरत होता आणि तिच्या चटईवरची पोरं विरळ होत चालली होती. महारुद्रचं शेतपंपाच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान होतं. गिऱ्हाइकांची लेकरं इंग्रजी कविता म्हणायची, ते ऐकून त्याला सृष्टीची काळजी लागायची. तशी ती शिवकन्यालाही होती. म्हणून तर ती आली होती.

बाहेरच्या बाकावर इतर आया लेकरांकडून रंगांची नावं घोकून घेत होत्या. शिवकन्या बसली, उठली, पाणी प्यायली, सृष्टीची क्लिप काढून पुन्हा लावली. सृष्टी कंटाळून तिच्या मांडीवर लोळायला लागली, तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

मोठ्या मॅडम बोलायला मऊ होत्या. त्यांनी महारुद्रला कामधंदा विचारला, मग तिच्याकडं पाहिलं.

"घरीच असते," शिवकन्या म्हणाली. शब्द इतक्या सहज निघाले की तिचं तिलाच कसंतरी झालं.

सृष्टीचं मात्र भिंतीवरच्या चित्रांकडं लक्ष होतं. ती खुर्चीवरून उतरली, फरशीवर मांडी घालून बसली, हात जोडले आणि आईला म्हणाली, "ताई, आज गाणं न्हाई घ्यायचं?"

मॅडम चमकल्या. ही तुमची कोण, असं त्यांनी विचारलं. अंगणवाडीतली सगळी पोरं ताई म्हणत, म्हणून सृष्टीही तिथं ताईच म्हणायची. मम्मी फक्त घरी. आता हसून वेळ मारून नेता आली असती. महारुद्र तेवढ्यासाठीच खाकरला.

"लेकच हाय माझी," शिवकन्या म्हणाली. "मी अंगणवाडीत असते मॅडम, पिंगळीला. मघाशी खोटं बोलले."

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी सृष्टीला दोन-चार प्रश्न विचारले, तिनं धिटाईनं उत्तरं दिली आणि प्रवेश झाला. उठताना मॅडमनी शिवकन्याला थांबवलं. लहान वर्गाला एक मावशी हव्या होत्या; पोरांना बाथरूमला न्यायचं, डबे भरवायचे, झोपवायचं. तुम्हाला सवय आहेच, मुलगीही डोळ्यांसमोर राहील, असं त्या मनापासून म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, म्हणूनच ते जास्त लागलं. महारुद्रचा चेहरा उजळलेला तिनं पाहिला आणि ती नमस्कार करून बाहेर पडली.

रस्त्यात चहाला थांबल्यावर त्यानं विषय काढलाच. "चांगलं सांगायल्यात त्या. गावात तुझ्याकडं पोरं तरी किती राहिली?"

"जेवढी हायत तेवढी. त्यांच्या मायांना मीच घरी जाऊन बोलावलंय." तिनं कप खाली ठेवला. "सृष्टी जाईल तिथं. मी न्हाई जायची."

महारुद्रनं चहाचे पैसे दिले आणि मोटारसायकलला किक मारली.

जूनमध्ये शाळेची पिवळी गाडी दाराशी आली. सृष्टी रडली नाही, तेवढ्यानंच शिवकन्याला दिवसभर चैन पडेना. त्यातच गावातली रुख्मिणी आपल्या अडीच वर्षांच्या लेकाला, माऊलीला, घेऊन अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, तुमीच लेकीला तिकडं घातलं. मग आमी बी घालावं का?"

शिवकन्या माऊलीसमोर उकिडवी बसली. "वाटलं तर घाला," ती म्हणाली. "तवर इथं बसू द्या त्याला."

तिनं माऊलीला पुढं बसवलं आणि गाणं सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला रस्त्यावर हॉर्न वाजला; पुढच्या गावांतली पोरं घेऊन पिवळी गाडी परत परभणीकडं निघाली होती. सगळी पोरं उठून गाडी बघायला दाराकडं धावली, पार्वतीबाई ओरडायला लागल्या. शिवकन्यानं त्यांना हातानंच थांबवलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती मोकळ्या चटईसमोर बसून राहिली. पोरं एकेक करून परत आली, आपापल्या जागी टेकली. मग तिनं घसा साफ केला आणि गाणं पहिल्या ओळीपासून धरलं.