फळी धरायला कोणीतरी

टपाल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने मागच्या अडगळीच्या खोलीत सुतारकामाचं टेबल मांडलं. शेजारी त्याला आधीपासूनच खटपट्या म्हणत. कुणाची खुर्ची डुगडुगली की हाक ह्यालाच. आता स्वतःची हत्यारं हवी होती आणि ती पेन्शनीत बसवायची होती.

हार्डवेअरवाल्याने त्याच्यापुढे टेबलाला बसवायचा, लाकूड जबड्यात धरणारा एक जड लोखंडी वाइस ठेवला.

"आधी हा घ्या. लाकूड घट्ट धरलं गेलं की अर्धी लढाई जिंकली. बाकीचं हळूहळू घेता येतं."

"अहो, एवढ्यात हत्यारांची अख्खी पेटी येईल!"

"येईल की. पण आखूडशिंगी, बहुदुधी गाय कुठल्याच बाजारात मिळत नाही, काका."

तो हसून बाहेर पडला आणि फुटपाथवरच्या सेलमधून पेटीच घेऊन घरी आला. करवत, रंधा, पटाश्या, लाकूड आवळून धरायचे दोन क्लॅम्प, सगळं एकाच झाकणाखाली. बायकोला एकेक हत्यार काढून दाखवताना त्याचा चेहरा असा फुलला होता, की तीही हातातलं शिवण बाजूला ठेवून बघत बसली.

ती घरीच कपडे शिवायची. कापड जमिनीवर पसरून, वाकून बेतता बेतता तिची कंबर धरायची. म्हणून पहिलं काम तिच्यासाठीच काढायचं ठरलं: उभ्याने कापड बेतता येईल असं उंच टेबल.

टेबलाच्या पायांना खाचा पाडायच्या होत्या. पहिल्याच पायाला क्लॅम्प आवळताना त्याचे आटे घसरले. दुसरा लावला, तर तो मधूनच वाकला. पटाशीची धारही एव्हाना बोथटली होती. तो चिडून घामाघूम झाला.

"थांबा, मी धरते," ती म्हणाली.

"नीट धर हं."

बोथट पटाशीला जोर जास्त द्यावा लागतो. त्याने दिला. पटाशी लाकडावरून सटकली आणि तिच्या डाव्या तर्जनीत घुसली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कशानं लागलं?"

"भाजी चिरताना. सुरी निसटली," तो घाईघाईने बोलून गेला. बायकोने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

टाके घालून झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जखम भरून येईल. पण नस कापली गेलीय. बोटाच्या टोकाला पुन्हा स्पर्श कळायला लागेलच, असं मी सांगू शकत नाही."

कळायला लागलं नाही. सुईखाली कापड सरकवताना दुमडीची कड ती त्या बोटाने जोखायची; बघावंसुद्धा लागायचं नाही. आता डोळे ताणून बघितलं तरी शिवण वाकडी जायची. गिऱ्हाइकं भली होती. "चालेल हो, काही बिघडत नाही," म्हणायची. पुढचं कापड मात्र घेऊन यायची नाहीत.

एका दुपारी तो खोलीत आला, तेव्हा ती एकच कॉलर पुन्हा उसवत होती. तो तिच्याशेजारी टेकला.

"दुकानदार सांगत होता, वाइस घ्या म्हणून. मीच ऐकलं नाही. वर दवाखान्यात खोटंही बोललो. तुझ्या माथी मारलं सगळं."

तिने कॉलरवरचे उसवलेले दोरे वेचून काढले.

"तो क्लॅम्प तकलादू आहे, हे मला पेटी उघडली तेव्हाच दिसलं होतं," ती म्हणाली. "कापडाचा कस हाताला कळतो, मग लोखंडाचा का नाही कळणार? पण तुम्ही इतके खुशीत होतात... म्हटलं, कशाला विरजण घाला."

"बोलायचं होतंस गं."

"हो. बोलायला हवं होतं. तुमचा राग नाही येत मला. माझाच येतो, आणि तो कुणावर काढू?"

तिचा हात हातात घ्यावा असं त्याला वाटलं. पण कुठला घ्यावा तेच त्याला कळेना.

पुढे ती फक्त बेतून द्यायला लागली. शिवायला कपडे पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईकडे जातात. ती बाई हुशार आहे, कामही वेळेवर देते. तयार कपडे घरी आले की बायको ते उलटे करून आतल्या शिवणी पाहते. एखादी फार सुंदर जमलेली असली, तर त्याला मुद्दाम हाक मारून दाखवते. "बघा, किती सरळ आलीय," म्हणते. तो "हो, सरळ आहे," म्हणतो, आणि गिऱ्हाइकांकडे कपडे पोचवायला पायांत चपला सरकवतो.